मनोविकलतेचा बचाव : ज्ञान आणि आत्मनियंत्रण यांचा तौलनिक-ऐतिहासिक विचार

प्रस्तावना : केवळ कृतीने गुन्हा सिद्ध होत नाही, त्या कृतीमागे अपराधी मन असावे लागते, हे फौजदारी कायद्याचे मूलतत्त्व होय. मनोविकलतेचा बचाव याच तत्त्वातून निर्माण झाला. मात्र आरोपीला आपल्या कृत्याचे ज्ञान होते काय एवढेच पाहावे, की त्याला स्वतःवर ताबा ठेवता येत होता काय हेही पाहावे, याबाबत इंग्लंड, अमेरिका आणि भारत यांच्या वाटा भिन्न झाल्या. प्रस्तुत लेखात या भिन्नतेचा इतिहास तपासला आहे.

इंग्लंड : जानेवारी १८४३ मध्ये डॅनियल मॅक्नॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खाजगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. आपला छळ होत आहे या भ्रमाने तो ग्रासलेला होता. ज्यूरीने त्याला मनोविकलतेच्या कारणावरून निर्दोष ठरविले. त्यावर क्षोभ उसळला आणि हाउस ऑफ लॉर्ड्‌सने न्यायाधीशांकडे खुलासा मागितला. त्यांच्या उत्तरांतून ‘मॅक्नॉटन नियम’ सिद्ध झाले. मनाच्या विकारामुळे आरोपीला कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक असल्याचे कळत नसेल, तरच त्यास सूट मिळू लागली. आत्मनियंत्रणाला या नियमांत स्थान नव्हते. ही उणीव इंग्लंडने १९५७ च्या मनुष्यवध अधिनियमाने काही अंशी भरून काढली. स्कॉटलंडच्या कायद्यातून घेतलेल्या ‘न्यून दायित्वा’च्या तत्त्वामुळे खुनाचा आरोप सौम्य होऊ लागला आणि १९६० च्या बर्न खटल्यात नियंत्रणशक्तीचा अभावही त्यात समाविष्ट मानला गेला.

अमेरिका : १९६२ च्या आदर्श दंड संहितेने ज्ञान आणि नियंत्रण या दोन्ही कसोट्यांना मान्यता दिली. परंतु अध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ मध्ये गोळीबार करणारा जॉन हिंकली १९८२ मध्ये निर्दोष ठरताच लोकमत बिथरले. परिणामी १९८४ च्या अधिनियमाने संघीय न्यायालयांपुरती नियंत्रणाची कसोटी वगळली आणि मनोविकलता सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला. १८४३ प्रमाणेच येथेही एका गाजलेल्या निकालावरील क्षोभाने कायद्याची दिशा ठरविली.

भारत : १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ८४ ज्ञानाच्या कसोटीवरच उभे होते. दह्याभाई ठक्कर खटल्यात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याचा भार हलका केला : आरोपीने हा बचाव केवळ संभाव्यतेच्या प्रमाणात सिद्ध करावा आणि त्याच्या पुराव्याने अपराधी मनाविषयी वाजवी शंका उत्पन्न झाल्यास तिचा लाभही त्याला मिळावा. महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायावर पत्नीच्या खुनाचा आरोप होता. २००२ मध्ये त्याचा पूर्वीचा मनोविकार, उपचार आणि घटनेच्या मागचे-पुढचे वर्तन विचारात घेऊन न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. तथापि ही उदारता पुराव्यापुरतीच राहिली. विधी आयोगाने १९७१ च्या अहवालात कलमात बदल सुचविला नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्येही जुनी कसोटी कायम आहे. २०२३ च्या पहिल्या विधेयकात ‘मानसिक आजार’ असा शब्दप्रयोग होता. अंतिम अधिनियमात पुन्हा ‘मनोविकलता’ हाच शब्द आला.

निष्कर्ष : कृत्य चूक आहे हे ज्याला कळते, पण आजारामुळे स्वतःला आवरता येत नाही, अशा आरोपीसाठी भारतीय कायद्यात पूर्ण सुटका किंवा पूर्ण दोष यांमधला, न्यून दायित्वासारखा मार्ग नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार फाशी रद्द करण्यास कारण मानला. पण हा दिलासा शिक्षेच्या टप्प्यावरचा आहे, दायित्वाच्या नव्हे. ज्या देशात हे नियम जन्मले, त्याच देशाने त्यांची मर्यादा ओळखून पूरक तरतूद केली; भारताने मूळ कसोटी स्वीकारली, परंतु ती पूरक तरतूद स्वीकारली नाही. शब्दाच्या निवडीपेक्षा या तरतुदीची चर्चा अधिक निकडीची आहे.