सिस्टर होण्याची वाट : ससूनपासून पदवीपर्यंत



स्नेहमेळाव्याची तयारी चालू असताना आपल्याच वर्गातल्या एकाचा फोन आला. "पुतणी बारावी सायन्स झाली. नर्सिंगला घालायची म्हणतोय. जीएनएम बरं की बीएस्सी? आणि पुढे नोकरीचं काय?"

मला गंमत वाटली. माझ्या वेळी घरात प्रश्न वेगळाच होता. वडील म्हणाले होते, "लोकांची घाण काढायला मुलगी पाठवायची का?" या दोन प्रश्नांच्या मधे मोठा इतिहास आहे. तो आधी सांगते, मग उत्तर देते.

बाई काशीबाई गणपत या १८९१ साली मुंबईत परिचर्या शिकायला आलेल्या पहिल्या भारतीय महिला, अशी नोंद आमच्या पाठ्यपुस्तकांत होती. तेव्हा बऱ्या घरची बाई परक्या माणसाच्या अंगाला हात लावणार, ही कल्पनाच समाजाला सहन होत नव्हती. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले. तिथल्या विधवा आणि गरजू मुली ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. ज्यांना घरात कोपरा दिला होता, त्यांच्या हाती स्वतःची कमाई आली. आपल्याकडे या पेशाची सुरुवात अशी गरजेतून आणि धाडसातून झाली.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालात देशभरात जेमतेम ७,००० परिचारिका असल्याचे दिसले, म्हणजे सुमारे ४३,००० माणसांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगची पदवी सुरू झाली आणि १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मुंबईत एसएनडीटीचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ चे. पण आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलीला पदवी म्हणजे फार दूरची गोष्ट होती. जिल्हा रुग्णालयाची शाळा तेवढी जवळची.

बारावीनंतर मी तिथेच गेले. आपल्या विज्ञानाच्या बाई त्यासाठी दोनदा घरी आल्या. सेवेचे महत्त्व ऐकून वडील हलले नाहीत. "शिकताना विद्यावेतन मिळतं, वसतिगृह मिळतं" हे ऐकल्यावर मात्र तयार झाले. घरात पाच भावंडे होती, त्यांना दोष देत नाही.

नोकरी लगेच मिळाली. पण पुढे पाठ्यनिर्देशिका व्हायचे मनात आले, तेव्हा पदवी आडवी आली. हाताला अनुभव होता, कागद नव्हता. दोन मुले लहान असताना पोस्ट बेसिक बीएस्सीची दोन वर्षे काढली. रात्रपाळी करून सकाळी पुस्तक उघडणे काय असते, ते माझे मला ठाऊक.

म्हणून आता उत्तर. आज एएनएम दोन, जीएनएम तीन आणि बीएस्सी चार वर्षांची. एएनएम झालेली मुलगी उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. सपाट भागात ५,००० आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येसाठी एक उपकेंद्र, हा निकष. जीएनएम आणि बीएस्सी दोघीही अधिपरिचारिका होऊ शकतात. शिकवणे, एमएस्सी किंवा परदेश मनात असेल, तर बीएस्सीने वाट सोपी होते. घरची परिस्थिती बेताची असेल आणि सरकारी जीएनएमला जागा मिळत असेल, तर कर्ज काढून महागडी पदवी घेऊ नका. पदवी नंतरही करता येते. मी केली, पण उशिरा केली. तिने नोकरी लागल्यावर फार थांबू नये.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. परिषदेची मान्यता आहे का आणि स्वतःचे रुग्णालय आहे का, ते पाहा. तिथे खाटांवर खरोखर रुग्ण आहेत का, हेही डोळ्यांनी बघून या. रिकाम्या वॉर्डात सुई टोचायला शिकता येत नाही.

नोकरी आहे, पण गोड बोलून फसवणार नाही. अनेक खासगी दवाखान्यांत सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो आणि बऱ्याच सरकारी जागा कंत्राटी असतात. जर्मनीला जायचे तर आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागते. पाय दुखतात, सण वॉर्डात जातात. हे सगळे मुलीला आधी सांगा आणि मग तिचे मत विचारा. माझे कोणी विचारले नव्हते. विचारले असते, तरी मी होच म्हटले असते.

वडील शेवटच्या आजारपणात दवाखान्यात होते. चादर बदलणाऱ्या सिस्टरला ते म्हणाले, "आमची थोरलीसुद्धा तुमच्यातलीच." मी दाराशी उभी होते.

पुतणीला मेळाव्याला घेऊन ये रे. बाईही येणार आहेत. पूर्वी त्या माझ्या घरी आल्या होत्या, आता तिच्याशी आम्ही दोघी बोलू.