ढोलकी, ऑक्टोपॅड आणि भिंतीपलीकडची आजी

कोहमाऱ्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आज विषय कर्जाचा नाही, ढोलकीचा आहे.

आमच्या गटाचं भजनी मंडळ आहे. धानाचं काम, स्वयंपाक, गोठा आटोपून ढोलकी शिकायला बसेपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजतात. एक दिवस भिंतीपलीकडच्या आजीनं निरोप धाडला, "बायांनो, भजन गोड आहे, पण तुमची ढोलकी माझ्या छातीत वाजते जी." आम्हाला राग आला. महामार्गावरचे ट्रक रात्रभर धावतात ते चालतात, आमची ढोलकी तेवढी खुपते? पण आजीचं खोटं नव्हतं. बारीक आवाज भिंतीत अडतो. ढोलकीचा धुमधुम करणारा जाड आवाज भिंतीलाच हलवतो आणि पलीकडे पोचतो.

तेव्हा गटातली एक लेकीच्या वयाची पोर म्हणाली, नाटकात असतो तसा ऑक्टोपॅड घेऊ, कानाला हेडफोन लावू, वाद मिटला. गटाचे पैसे वाद्यात घालायचे का, यावर बैठकीत दोन तट पडले. म्हणून आम्ही ही वाद्यं आली कुठून, ते शोधायला बसलो.

आपल्या झाडीपट्टीत वाजवायला बंदी अशी कधी नव्हती. दंडार, खडी गंमत, मंडईची नाटकं सगळी रात्रभर चालायची. पण कातडं मढवणारे, वाजवणारे कोण हे जातीनं ठरलेलं होतं, आणि बाईच्या हातात ताल देणं तर दूरच. नाटकात बाईची भूमिकासुद्धा पुरुषच करायचे. या ठरलेल्या गोष्टीला विदर्भात मोठा धक्का दिला तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं. हातात मावणारं वाद्य. ते वाजवत त्यांनी गावोगाव भजनं केली. १९४२ मध्ये इंग्रज सरकारनं त्यांना चंद्रपुरात अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. १९५५ मध्ये तीच खंजिरी जपानच्या विश्वधर्म परिषदेत वाजली. गुरुदेव सेवा मंडळांच्या प्रार्थनेत बाया बसू लागल्या. आमच्या आई-सासवांनी भजन तिथूनच उचललं.

गंमत अशी, की ऑक्टोपॅड जपानहूनच आपल्याकडे आला. रोलँड नावाच्या तिथल्या कंपनीनं १९८५ साली तो काढला. एका पाटीवर रबराच्या आठ चौकटी, म्हणून ऑक्टोपॅड. काडीनं मारलं की यंत्र तो ठोका ओळखतं आणि तबला, ढोलकी, झांज, हवा तो आवाज काढतं. आधी सिनेमात, मग ऑर्केस्ट्रात आणि मग आपल्या नाटकाच्या रंगमंचासमोर वाजवणाऱ्यांच्या ताफ्यात तो येऊन बसला. एका माणसात चार वाद्यं, म्हणून नाटकमंडळींना परवडला. ज्यांच्या हातची ती चार वाद्यं होती त्यांच्या पोटाचं काय, हे फारसं कोणी विचारत नाही.

आता शेजाऱ्यांची बाजू. आवाजाचे नियम देशात फेब्रुवारी २००० मध्ये लागू झाले. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ अशी मर्यादा आहे. आपलं साधं बोलणंच साठच्या घरात असतं, मग ढोलकी कुठे जाईल ते बघा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात चेन्नईच्या एका वसाहतीचं प्रकरण निकाली निघालं. तिथल्या चर्चमध्ये प्रार्थनेला ड्रम आणि गिटार वाजायचे, भोंगा लागायचा आणि शेजारी वैतागले होते. न्यायालयानं सांगितलं, धर्म कुठलाही असो, ढोल वाजवून दुसऱ्याची शांतता मोडण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

पुढचा निकाल १८ जुलै २००५ चा. तो आम्ही बैठकीत मोठ्यानं वाचला तेव्हा कोणी काही बोललं नाही. त्या प्रकरणाच्या मुळाशी एक मुलगी होती. तिच्यावर अत्याचार होत होता, ती मदतीला ओरडत होती आणि शेजारच्या भोंग्यावरच्या गाण्यांत तिचा आवाज कोणाला ऐकूच गेला नाही. त्या निकालात रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याबरोबर ढोल-ताशासारखी वाद्यंही थांबवायला सांगितली आहेत. तोवर आम्ही समजत होतो की नियम फक्त डीजेला आहे.

पोरीच्या भावाकडे जुना ऑक्टोपॅड आहे. नाटकांचा हंगाम नव्हता म्हणून त्यानं महिनाभर वापरायला दिला. पहिल्याच रात्री आजीचा निरोप पुन्हा आला, "आता काय कुटता?" हेडफोनमध्ये आम्हाला ढोलकी ऐकू येत होती आणि तिला रबरावर काडीची टकटक. पाटी फरशीवर ठेवली होती, ठोका फरशीतून भिंतीत जात होता. खाली दोन जाड गोधड्या घातल्यावर थांबलं.

खरं सांगायचं तर ताल पक्का व्हायला ते यंत्र चांगलं. चूक लगेच कळते, पावसाळ्यात कातडं ओलं होऊन सैल पडतं तशी कटकट नाही. पण ढोलकी बोटांनी आणि तळहातानं बोलते. डाव्या हाताचा दाब कमी-जास्त करून घुमारा काढायचा ते काडीनं येत नाही. वीज गेली की शिकवणी बंद. आणि किंमत ढोलकीच्या कितीतरी पट.

सध्या आम्ही असं चालवतो. रात्री दोघी-तिघी गोधडीवर ऑक्टोपॅड ठेवून मात्रा मोजतात. ढोलकी मात्र गुरुवारी पाच वाजता, गावाबाहेरच्या खळ्यावर. त्या दिवशी ज्यांच्या घरी लहान लेकरं आहेत त्यांची चूल कोणी सांभाळायची, यावरून अजून कुरबूर होते. दिवाळीनंतर मंडई लागली की भाऊ ऑक्टोपॅड परत नेईल. गटाच्या पैशातून नवा घ्यायचा की दोन ढोलक्या मढवून घ्यायच्या, हा विषय येत्या बैठकीत पुन्हा आहे. आम्ही नऊ जणी ढोलकीच्या बाजूच्या आहोत, चौघी नाहीत.