डाळिंबाची रोपं घरी करताय? आधी झाड बघा, मग कात्री लावा

देवळा : बी लावून आलेलं डाळिंब आईसारखं फळ देईलच असं नाही. त्यामुळे भगवा हवा असेल तर कलमच करावं लागतं. कसमादे पट्ट्यात बहुतेक बागा गुटीच्याच.

ज्या बागेत तेल्या आहे, तिथली काडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. पानावर डाग दिसत नसला तरी जिवाणू काडीत असतात, अन् रोपाबरोबर थेट नव्या शेतात येतात. पाहुण्याची बाग असली तरी आधी पानं, फांद्या, फळं तपासायचीच.

गुटी पावसाळ्यात बांधतात, हवेत ओल असते म्हणून. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची साधारण 3 सेंटीमीटर साल गोल काढायची, मूळ फुटायची पावडर लावायची, भिजवून पिळलेलं शेवाळ गुंडाळून प्लास्टिक घट्ट बांधायचं. दीड-दोन महिन्यांत मुळं बाहेरून दिसतात. मग कापून पिशवीत, सावलीत. घाई केली की रोप माना टाकतं.

छाटणीतली पक्की काडीही लागते. 20 ते 25 सेंटीमीटर घ्यावी. खालचा काप डोळ्याखाली तिरपा, वरचा सरळ, म्हणजे उलटी लावली जात नाही.

एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवावी. त्याने पातं गंजतं, म्हणून संध्याकाळी धुऊन तेल लावायचं. पिशवीची माती मर लागलेल्या जागेची नको.