फुटू, पूतीक आणि न्यूयॉर्कचा बँकवाला

सालेकशाच्या बाजारात पावसाळ्यात पानांवर सात्यांचे वाटे लागतात. डोंगरगडाकडून आलेली एक बाई मात्र आपल्या मालाला काही केल्या सात्या म्हणेना. फुटूच म्हणत राहिली. आपल्याकडे सात्या, टेकोडे, अळंबी. छत्तीसगडची हद्द लागली की फुटू, कुठं पुटू. ज्या गोंदिया जिल्ह्याचं नाव गोंडांवरून पडलं की गोंदावरून, म्हणजे डिंकावरून, याचाच वाद मिटत नाही, तिथं अळंबीच्या नावाची फिकीर कोण करतो? मी केली, कारण मला गॉर्डन वासन आठवला.

वासन न्यूयॉर्कच्या बँकेतला बडा अधिकारी, अळंबीवेडा. १९५५ साली मेक्सिकोत मारिया साबिना या माझातेक वैदूबाईच्या रात्रपूजेत बसून त्यानं तिथल्या अळंब्या खाल्ल्या. पॅरिसच्या रोजे एमनं त्या वाढवल्या आणि स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट हॉफमननं १९५८ मध्ये त्यांतून सायलोसायबिन वेगळं काढलं. पुढे बंदी आली आणि आता पुन्हा चाचण्या. २०२२ च्या एका चाचणीत औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २३३ रुग्ण होते. २५ मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेनं तीन आठवड्यांनी १ मिलिग्रॅमपेक्षा स्पष्ट जास्त उतार पडला. मळमळ, डोकेदुखीही झाली. बुद्धी तल्लख होते म्हणतात, ते मला अजून चहाच्या टपरीवरचं वाटतं. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानं हे द्रव्य बंदच आहे.

पण मला ओढतो तो वासन आणि एम या जोडीचा संथाळ परगण्यातला प्रवास. संथाळीत नामं सजीव आणि निर्जीव अशी विभागलेली. झाडंझुडपं, अळंब्या साऱ्या निर्जीव; एक ‘पुतका’ तेवढी सजीव. ही सालाच्या झाडांखाली येणारी गोल, बंद अळंबी. नशा बिलकुल नाही, साधी भाजी. मग तिच्यात जीव कशाला? वासनला मिळालेलं उत्तर असं, की ती ताजी असतानाच खावी, नाहीतर मढ्यासारखी घाण येते. सोम म्हणजे अळंबीच, असं मानणारा वासन उडालाच. संस्कृतात ‘पूति’ म्हणजे दुर्गंध, आणि ब्राह्मणग्रंथांत सोम न मिळाल्यास वापरायची वनस्पती ‘पूतीक’! स्टेला क्रामरिश यांनी १९७५ मध्ये हीच गाठ आणखी पक्की केली: प्रवर्ग्य विधीतल्या महावीर पात्राच्या मातीत पूतीकच मिसळतात.

कोशकार ऐकत नाहीत. कुणी पूतीक म्हणजे सागरगोटा म्हणतो, मोनियर-विल्यम्सचा कल मायाळूकडे. मायाळूवाल्यांच्या हाती हुकमाचं पान आहे: हिंदीतली ‘पोई’ पूतिकेपासूनच आली; प्राकृतात मधला ‘त’ गळाला, शब्द सरळ उतरला. मग संथाळीत तो ‘त’ शाबूत कसा?

माझं उत्तर उलटं आहे. संथाळांनी शब्द घेतला नाही, दिला. यज्ञ करणारे पूर्वेकडे सरकले, जंगलातल्या लोकांकडून अळंबी आणि तिचं नाव उचललं, आणि मग त्याला ‘पूति’चा वास चिकटवला. असं मानलं तर मूळ नाव संथाळीत टिकणार आणि संस्कृतच्या लेकींत झिजणार, यात नवल उरत नाही. छत्तीसगडचा ‘फुटू’ मला त्याच नावाचा वंशज वाटतो; पुरावा विचाराल तर एक बाई आणि एक वाटा.

सरळमार्गी माणूस म्हणेल, अरे, फुटू म्हणजे जमिनीतून फुटतं ते. ‘फुटणे’ समोर असताना वेदांत कशाला शिरतोस? त्यावर मी ‘पुटू’ पुढे करतो: फुटण्यातला ‘फ’ तिथं कुठाय? तो लगेच ‘ट’वर बोट ठेवतो: पूतीकातला ‘त’ मग कुठं गेला? मी म्हणतो, घाटात कुठंतरी जीभ वळली असेल. इथं माझ्या सिद्धांताला वाळवी लागते, हे कबूल. पण सात्या उगवतात त्या वाळवीच्या वारुळावरच.