पिस्टनवरचा आकडा

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण यात राजे नाहीत की लढाया नाहीत. मुठीत मावेल एवढा एक पिस्टन आहे.

कुरुंदवाडच्या आमच्या घरात आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, बजाज एम-एटी आहे. ऑगस्ट 2019 च्या पुरात ती सोप्यात पाण्याखाली गेली. पंचगंगा आणि कृष्णा एकदम चढल्या की आमच्याकडे आधी माणसं आणि जनावरं बाहेर काढतात, गाड्या राहतात. पाणी उतरलं तेव्हा किक हलेना. पुढं आबाही गेले आणि गाडी पोत्याखाली गेली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ती खोलली.

पिस्टनच्या माथ्यावरची काजळी खरवडली, तर खाली शिक्का निघाला: 50. म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन. झिजून सिलिंडर गोल राहिला नाही की तो मशिनवर थोडा मोठा करून घेतात आणि त्यात पुढच्या मापाचा पिस्टन बसवतात. 25, 50, 75, 100 अशी ती मापं. आजीला विचारलं, इंजिनचं काम कधी केलं होतं? ती म्हणाली, "एकदा तुझ्या बापाच्या लग्नाआधी. आणि एकदा म्हस विकली त्या साली." बिलं कुठंच नाहीत. पण दोन कामांचा हिशोब पिस्टनवर होता.

आता थोडं मागं जाऊ. टू-स्ट्रोकवर अनेकांनी काम केलं. स्कॉटलंडच्या ड्युगाल्ड क्लर्क यांच्या इंजिनात ताजं मिश्रण आत ढकलायला वेगळा पंप लागायचा. मग इंग्लंडमधल्या बाथ शहरात जोसेफ डे यांनी 1889 च्या सुमारास तो पंपच काढून टाकला. पिस्टन खाली येताना त्याच्याखालची क्रँकची बंद पेटी मिश्रण दाबते, आणि तेच वर सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. हलणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक.

या साधेपणामुळंच ते आपल्या गल्लीत आलं. 1972 साली दोन गाड्या आल्या: कायनेटिकची 50 सीसीची लूना आणि बजाजची चेतक. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. लूना पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी आणता यायची. 1981 ला एम-फिफ्टी आली आणि 1986 ला एम-एटी. शिरोळ तालुक्यात एम-एटी म्हणजे दोन्ही बाजूला दुधाचे कॅन, मागं वैरणीचा भारा, आणि वर चालवणारा. आबा रोज पहाटे डेअरीला असेच जायचे. बिघडली तर पोतं अंथरायचं, पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि पुलर घ्यायचा, की संध्याकाळपर्यंत गाडी चालू. मोटार दुरुस्तीची कसली पदवी नसलेल्या माणसांनी हे इंजिन आपलंसं केलं. माझ्या मते टू-स्ट्रोकचा खरा इतिहास हाच आहे.

तर माझं काम. पुराच्या पाण्यानं सिलिंडरला गंजाचे खड्डे पडले होते, म्हणून जयसिंगपूरला नेऊन तो 75 ला बोअर करून आणला. बेअरिंग बदललं, रिंगा नव्या घातल्या, सायलेन्सरमधली काजळी जाळून काढली. क्रँकची तेल-सीलं मात्र चांगली दिसली म्हणून जुनीच ठेवली. गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. मी खूश. दहा मिनिटांत आवाज चढत गेला, चढत गेला, आणि खटकन बंद. पिस्टन जाम.

मिस्त्रींनी नुसतं बघितलं आणि विचारलं, "सीलं जुनीच घातलीस न्हवं?"

क्रँकची पेटी हाच पंप, हे मी आत्ताच तुम्हाला सांगितलं. मला ते माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. सील वाळून कडक झालं की पेटी बाहेरची हवा ओढते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आणि या इंजिनात तेल पेट्रोलमधूनच येत असल्यामुळं तेही कमी पडतं. पिस्टन तापतो, फुगतो, सिलिंडरला चिकटतो. माझ्या कामात चुकलं तर मागच्या व्हर्जनवर जाता येतं. सिलिंडरमधून कातून काढलेलं लोखंड परत येत नाही. आबांचे दोन आकडे इतकी वर्षं चालले. माझा 75 दहा मिनिटांत गेला. आता 100. शेवटचं माप.

या वेळी सीलं नवी. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू पूर्ण बंद करून दीड आटा उघडला, मग इंजिन एकसारखं वाजेपर्यंत चिमूटभर इकडं-तिकडं. थोडी फिरवून प्लग काढून बघितला: पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा ओला म्हणजे जास्त, विटकरी तपकिरी म्हणजे बरोबर. तो तपकिरी निघाला.

सुरू झाल्यावर आजीनं पदर नाकाला लावला. "धूर किती करतीया! आधी बी एवढाच करायची?"

करायचीच. एक्झॉस्टचं भोक उघडं असतानाच ताजं मिश्रण आत येतं, त्यामुळं बरंचसं पेट्रोल न जळताच बाहेर जातं. तेल तर सोबत जळतंच. व्हॉल्व्ह नसणं हे गुणाचं आणि दोषाचं एकच कारण. 1985 ला फोर-स्ट्रोक हीरो होंडा सीडी-100 आली, तिनं पेट्रोलचा हिशोब बदलला. मग 1991, 1996 आणि 2000 चे धुराचे नियम एकेक करून कडक झाले आणि टू-स्ट्रोक रस्त्यावरून गेली. जायलाच हवी होती; तो धूर आपणच ओढत होतो. चेतक 2020 ला आणि लूना 2024 ला परत आली, पण विजेवर. पोतं अंथरून त्या खोलायच्या कशा, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

एम-एटी मी आता आठवड्यातून एकदा सुरू करतो, पाच मिनिटं. जुना 50 चा पिस्टन देवळीत ठेवलाय. तुमच्या घरात पोत्याखाली एखादी गाडी असेल, तर भंगारात द्यायच्या आधी पिस्टनच्या माथ्यावरचा आकडा वाचा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचं साल विचारा. भेटू पुढच्या भागात.