शेंडा खुडला, मूळ जागले
अकबराचा वकील असदबेग १६०४ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही दरबाराहून परत निघाला, तेव्हा बादशहाला नजर करावयाच्या वस्तूंत त्याने एक नवलाईची चीज घेतली होती. ती म्हणजे तंबाखू. हिंदुस्थानात अशी वस्तू आपण पूर्वी पाहिली नव्हती, असे त्याने लिहून ठेवले आहे. बादशहाने नळीचे दोनचार झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली, आणि दरबारात वाद रंगला.

त्या जुन्या आदिलशाही मुलखाच्या पश्चिम भागात निपाणी आहे. तेथील काळ्या रानांत विडीच्या तंबाखूचे पीक पिढ्यान्‌पिढ्या निघत आले. झाड कळीवर येऊ लागले की शेतकरी त्याचा शेंडा खुडतो, आणि मग पानांच्या बगलेतून फुटणारे कोंब वरचेवर मोडत राहतो. असे केले नाही तर पान पातळ राहते, त्याला कडकपणा येत नाही. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आले; पुस्तकातून नव्हे. पण शेंडा वर खुडला असता पानात कडकपणा येतो तो कोठून?

वास्तविक अनुवंशशास्त्राचे तंबाखूशी नाते फार जुने आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कोलरॉयटर याने १७६० मध्ये तंबाखूच्या दोन जातींचा संकर केला. त्यानंतर शंभर वर्षांनी ब्रनच्या मठातील ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्यावर प्रयोग करून गुण पिढीतून पिढीत कसे उतरतात त्याचे नियम शोधले. मात्र या नियमांनी वारसा कळला, वारशाचा उपयोग कळला नाही. तिजोरीत काय आहे हे समजले. ती केव्हा उघडते हे समजले नाही.

तंबाखूच्या बाबतीत पहिला धक्का १९४२ मध्ये बसला. अमेरिकेतील रे डॉसन याने टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचे कलम बांधले, आणि तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचे. पहिल्या झाडाच्या तंबाखूच्या पानांत निकोटिन जवळजवळ साठलेच नाही. दुसऱ्या झाडाच्या टोमॅटोच्या पानांत मात्र ते भरपूर साठले. म्हणजे निकोटिन तयार होते ते मुळात, आणि तेथून वर चढून पानात साठते. ज्या पानाचा भाव होतो, ते पान केवळ कोठार होय, कारखाना जमिनीखाली.

हा कारखाना कोणाच्या हुकमाने चालतो, ते कळण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. प्राण्याच्या वा वनस्पतीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सारी जनुके असतात. पण प्रत्येक पेशी त्यांतील काहींचाच उपयोग करते. जनुक कामाला लागले की त्याची नक्कल उतरते. त्या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. तिचा शोध १९६१ मध्ये लागला. या नकला मोजल्या की कोणते जनुक जागे आहे आणि कोणते झोपले आहे ते कळते. जनुकांच्या अभिव्यक्तीचा अभ्यास म्हणतात तो हाच. १९९४ मध्ये जपानमधील हाशिमोतो, यामादा आणि त्यांचे सहकारी यांनी नेहमीचा तंबाखू आणि कमी निकोटिनचा तंबाखू यांच्या मुळांतील नकला ताडून पाहिल्या, आणि निकोटिनच्या वाटेवरील एक महत्त्वाचे जनुक हाती लागले. ते मुख्यतः मुळातच जागते. शेंडा शाबूत असेतो त्यातून उतरणारे ऑक्झिन हे संप्रेरक त्याला दाबून ठेवते. शेंडा तुटला, जखम झाली, की जॅस्मोनेट नावाचा दुसरा संदेश मुळाकडे जातो आणि ते जनुक जोराने काम करू लागते. झाडाच्या दृष्टीने ही लढाई आहे : कोणी जनावर आपल्याला खात आहे, असे समजून ते पानांत विष भरते. निपाणीचा शेतकरी जनावराचे सोंग घेतो इतकेच!

त्या कडक पानाचा भाव मात्र शेतकऱ्याच्या हाती कधीच नव्हता. त्यासाठीच १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीस महामार्गावर शेतकरी ठाण मांडून बसले, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकरी प्राणास मुकले.

आता हकिमांच्या हरकतीकडे वळावयास हवे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९५५ मध्ये तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध रुग्णांच्या सवयींवरून दाखवून दिला. आजारी कोण पडतो हे त्यातून कळले. आत पेशीत काय बिघडते हे कळण्याची साधने तेव्हा नव्हती. ती आल्यावर, २००४ मध्ये, बॉस्टन विद्यापीठातील ॲव्हरम स्पायरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिगारेट ओढणाऱ्यांच्या श्वासनलिकेतील पेशी बारीक कुंचल्याने खरवडून घेतल्या आणि हजारो जनुकांच्या नकला एकदम मोजल्या. विषाचा निचरा करणारी जनुके जोरात चालू होती, तर कर्करोगाला आवर घालणारी काही मंदावली होती. सिगारेट सोडल्यावर बहुतेक जनुके पूर्वपदावर आली. काही मात्र वर्षे लोटली तरी आली नाहीत. व्यसन सुटल्यावरही धोका का उरतो, याचा एक धागा येथे सापडतो. पुढे २००७ मध्ये याच मंडळींनी अशा ८० जनुकांच्या नोंदीवरून संशयित रुग्णांतील फुप्फुसाचा कर्करोग ओळखण्याची रीत मांडली.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. नकलांची संख्या बदलली म्हणजे तेच रोगाचे कारण, असे नव्हे. तो रोगाचा परिणामही असू शकेल. शिवाय या अभ्यासातील माणसे अमेरिकेतील, आणि धूर सिगारेटचा. निपाणीच्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या बायांच्या नाकातोंडात जात आली ती धूळ. विडी न ओढताही ती त्यांच्या वाट्याला आली. त्यांच्या श्वासनलिकेत कोणते जनुक जागले आणि कोणते कायमचे झोपले, हे बॉस्टनच्या यादीवरून सांगता येणार नाही. त्यासाठी कुंचला वखारीपर्यंत आणावा लागेल.