मजुबाचा माथा : २७ फेब्रुवारी १८८१

ट्रान्सवाल आणि नाताळ यांच्या सीमेवर लांग्ज नेक ही खिंड आहे. तिच्यावर नजर ठेवणारा डोंगर म्हणजे मजुबा. १८७७ मध्ये ब्रिटिशांनी ट्रान्सवाल खालसा केले आणि १८८० च्या डिसेंबरात बोअर शेतकऱ्यांनी बंड पुकारले. सेनापती सर जॉर्ज कोली यांनी जानेवारीत ही खिंड फोडण्याचा प्रयत्न केला, तो फसला. फेब्रुवारीत इंगोगो येथेही त्यांची मोठी हानी झाली. तडजोडीची बोलणी सुरू असतानाच त्यांनी २६ फेब्रुवारीच्या रात्री मजुबा चढायचे ठरवले.

कोली अडाणी सेनानी नव्हते. ते स्टाफ कॉलेजात प्राध्यापक होते आणि हिंदुस्थानात व्हाइसरॉय लिटन यांचे खासगी सचिवही. त्यांच्यासोबतच्या गॉर्डन हायलँडर्स पलटणीतील अनेकजण नुकतेच अफगाण युद्धातून आले होते. पहाटेपूर्वी सुमारे ४०० सैनिक माथ्यावर पोचले, पण तोफ एकही नव्हती. खंदक खणण्याचा हुकूमही निघाला नाही. इतक्या उंचीवर कोण येणार, असा विश्वास होता.

उजाडल्यावर वर शत्रू दिसताच बोअर क्षणभर हबकले. मग जूबर्ट यांच्या सांगण्यावरून स्वयंसेवकांच्या तुकड्या वर निघाल्या. खाली थांबलेले नेमबाज माथ्याच्या कडेवर गोळ्यांचा मारा करीत राहिले आणि त्या आडोशाने बाकीचे झुडपे, खडक धरत पुढे सरकले. उताराचा पोट फुगल्यासारखा आकार असल्याने माथ्यावरच्या शिपायाला खाली नेम धरायचा तर आभाळाच्या रेषेवर उभे राहावे लागे, आणि तेवढ्यात तो टिपला जाई. लेफ्टनंट इयान हॅमिल्टन यांनी वारंवार धोक्याची सूचना दिली, पण ती मनावर घेतली गेली नाही. एक उंचवटा पडला आणि बचाव कोसळला. कोली तिथेच ठार झाले. ब्रिटिशांचे ९० च्या आसपास मेले, बोअरांचे एक-दोन.

लढाई छोटी, परिणाम मोठा. ग्लॅडस्टन सरकारने युद्ध वाढवले नाही. मार्चमध्ये डोंगराच्या पायथ्याशी तह झाला. ऑगस्टच्या प्रिटोरिया करारात ब्रिटिश सार्वभौमत्वाखाली स्वराज्य मान्य झाले. ते मिळाले गोऱ्या बोअरांना. ट्रान्सवालात बहुसंख्य असलेल्या कृष्णवर्णीयांना त्या वाटाघाटीत स्थान नव्हते. ज्या डोंगराला झुलू लोकांनी कबुतरांच्या नावाने ओळखले, त्याच्या पायथ्याशी त्यांच्याशेजारच्या भूमीचा निवाडा दुसऱ्यांनीच केला.

ब्रिटिश सैन्यात मात्र मजुबाचा सल राहिला. १९०० मध्ये, नेमक्या २७ फेब्रुवारीला, बोअर सेनापती क्रोन्ये पार्डेबर्ग येथे शरण आले, तेव्हा 'मजुबाचा सूड' म्हणून तो साजरा झाला. मजुबावर मनगट जायबंदी झालेले हॅमिल्टन १९१५ मध्ये गॅलिपोली मोहिमेचे सरसेनापती होते. तिथे प्रश्न पुन्हा उंचीचाच होता. मजुबा एवढेच सांगतो : माथा गाठणे हा विजयाचा आरंभ असतो, तो राखण्याची तयारी नसेल तर उंचीच सापळा होते.